मीठ टाकलं का जी?

या माणसाला तुम्ही ओळखता. तुमच्या गल्लीत तो इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बोलत असेल, नाहीतर गाडीच्या मायलेजवर. आमच्या वाडीत तो डिशवॉशरवर बोलतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामाच्या बाया येईनाशा झाल्या, तेव्हा नागपूरच्या अमरावती रोडवरच्या या ट्रक-गोदामांच्या गावातही काही घरांत भांडी धुणारी मशीन शिरली आणि तिच्यामागोमाग काका शिरले.

काका हिंगणा एमआयडीसीत बॉयलरवर होते. जड पाण्याशी त्यांचं जुनं वैर. नळ्यांवर चढलेला खार खरवडण्यातच जवानी गेली म्हणतात. त्यामुळे कोणाकडे गेले की तब्येत-पाणी विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न येतो, "मीठ टाकलं का जी?" मध्यंतरी एका तेरवीच्या पंगतीत कोणीतरी हळूच कुजबुजलं, वरण अळणी झालं. काकांचा घास हातातच राहिला. "कोणतं टाकलं? आयोडीनवालं तर नाही ना?"

शेजारच्या पोराचे केस गळले, पाणी जड. गिझरची कॉइल गेली, पाणी जड. नगरपरिषदेचा एक उमेदवार मतं मागायला आला, तर त्यालाही धरलं. तो बिचारा टीडीएस कमी असल्याचं सांगू लागला. "टीडीएस नाही, कठीणपणा विचारून राहिलो. भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम लिहिलं आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६००. तुमचं किती?" उमेदवारानं हात जोडले आणि पुढच्या फाटकाकडे वळला.

पंचाईत अशी, की माणूस सांगतो ते खरं असतं. या भागाखाली काळा बेसाल्ट. त्यातून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. मशीनच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. ते ही दोन्ही धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं ते पुन्हा ताजे करायचे, एवढंच मिठाचं काम. भांड्यांना ते लागतही नाही. काका हे सगळं सांगतात, फक्त पाऊण तास घेतात.

एका भाविक घरी उपासाचं सैंधव घातलं होतं. शुद्धच ना, मग मशीनला का नको? त्या दिवशी काकांचा आवाज दत्तवाडीपर्यंत गेला असेल. सैंधवात न विरघळणारी माती, खडेमिठात पुन्हा तेच मॅग्नेशियम, आणि खायच्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. यातलं काहीच चालत नाही. मशीनचं जाड दाण्याचं मीठच हवं. "चोर पकडायला चोरालेच पाठवता का जी?"

पण काकांचं खरं वैभव फेसाच्या दिवशी दिसलं. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नव्या सुनेनं पावडरीच्या खणात घासायचं लिक्विड ओतलं. दाराच्या खालच्या फटीतून फेस निघाला, ओट्याखालून सरकला आणि डब्यांच्या मांडणीपाशी येऊन फुगत बसला. काका पॅन्ट दुमडून मगानं फेस उपसत होते आणि तोंड चालूच होतं. मशीन फेसानं धुतच नाही, पाण्याच्या माऱ्यानं धुते. फेस झाला की पंपात हवा शिरते आणि मारा मरतो. तिच्या पावडरीत सोडा असतो आणि वरणभात फोडणारी विकरं असतात, फेस मुद्दाम ठेवलेला नसतो. सून रडायच्या बेतात. शेवटचा मग रिकामा करून काका म्हणाले, "हे झालं. आता सांग बाई, मीठ टाकलं का?"

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र त्यांचं चालत नाही. काकू प्रत्येक ताट आधी विसळतात, मग मशीनमध्ये लावतात. "अगं, विकरांना काही काम ठेव!" "उष्टं भांडं देवघराच्या भिंतीला लागून ठेवू का मी?" काका गप्प.

हे काका पूर्वी घरात पाण्याचा ग्लासही हातानं घेत नसत, असं काकूच सांगतात. बाई येईनाशी झाली आणि घासण्याच्या पावडरीनं काकूंची बोटं चिरली. त्या बोटांसाठी मशीन आली. आता मशीनवर मिठाचा दिवा लागला की गुडघे धरत काका फरशीवर बसतात, खालची जाळी काढतात, झाकण फिरवून नरसाळं लावतात. सांडलेले दाणे जुन्या दुपट्ट्याच्या टोकानं टिपून लगेच मशीन सुरू करतात, नाहीतर मीठ स्टील खातं. काकू दारात उभ्या राहून बघतात, बोलत नाहीत. सगळ्या संसारात स्वयंपाकघरातलं हे एकच काम काकांना जमलं, आणि म्हणून त्यांना ते जगभर सांगायचं असतं. हे ध्यानात आल्यापासून त्यांच्यावर रागावणं जरा जड जातं.

बाई परत आली तेव्हा तिच्या वाट्याला ॲल्युमिनियमच्या कढया आणि पितळ उरलं, कारण मशीनमध्ये ते काळं पडतं. काकांनी तिलाही सगळं समजावलं. तिनं कढई पालथी घातली. "मशीनले मीठ लागते ना काका? मले पगार लागते." पुढच्या महिन्यापासून पगार वाढला. या विषयावर काकांनी आजवर भाषण केलेलं नाही.

तर वाडीत मशीन घेणार असाल तर त्यांना जरूर बोलवा. फुकट येतात, नरसाळं स्वतःचं आणतात. फक्त जेवणाच्या वेळी बोलवू नका.