सिंगापूरकरांचे थर

सिंगापूरकर तुम्हाला माहीत आहेतच. तुमच्याकडे येणारे कदाचित दुबईकर असतील किंवा मस्कतकर. ऑक्टोबर उजाडला की त्यांचा मेसेज येतो. त्याची सुरुवात 'सहज विचारतोय'ने होते आणि गाडी तुमच्या सोफ्याचा बेड होतो का, इथवर येऊन थांबते. आमचे सिंगापूरकर म्हणजे नवऱ्याचे कॉलेजातले मित्र. खरं आडनाव देत नाही. त्या आडनावाची माणसं नाशिक जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि बाकीच्यांचा यात काही दोष नाही.

आम्ही राहतो सुवॉनला, सोलच्या दक्षिणेला. सिंगापुरात बारा महिने घाम. त्यामुळे डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की तिथल्या मराठी घरांना थंडीचे डोहाळे लागतात. त्यातले काही जपानला जातात, उरलेले आमच्याकडे.

"वहिनी, तिकडे आत्ता पारा किती?" पहिला मेसेज.

"चौदा."

"म्हणजे दोन थर."

मला वाटलं, केकबद्दल चाललंय.

मग एक्सेल शीट आली. डाव्या रकान्यात पारा, वरच्या ओळीत कुटुंबातली चार माणसं आणि चौकटीचौकटीत थर. शून्यापर्यंत तीन, उणे पाचपर्यंत चार, त्याच्या खाली पाच. थर्मल, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, विणलेला स्वेटर, फ्लीस आणि सगळ्यांत वर पॅडिंग. मोज्यांची शीट वेगळी. रंगीत तालीमही झाली होती म्हणे. सहा वर्षांचा थोरला आणि अडीच वर्षांची धाकटी, दोघांना पाचही थर चढवून सुपरमार्केटात आइस्क्रीमच्या उघड्या फ्रीजरपुढे दहा मिनिटं उभं केलं होतं. धाकटीने त्यातलं एक आइस्क्रीम उचललं, एवढं सोडल्यास तालीम यशस्वी.

आले तेव्हा भावजींच्या हातातल्या बॅगेत थर्मामीटर होता. लाकडी पट्टीवरचा, लाल रेषेचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला. बूट काढायच्या आधी त्यांनी तो आमच्या बाल्कनीत अडकवला.

"अहो भावजी, फोनवर दिसतं की सगळं."

"फोनवर सुवॉनचं दिसतं, वहिनी. तुमच्या बाल्कनीचं नाही."

त्या रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघरातला दिवा लागला. बाल्कनीचं दार सरकलं, उणे अकराचा झोत थेट आमच्या खोलीपर्यंत आला. भावजी बॅटरी मारून पारा बघत होते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. चौथ्या मजल्यावरचे आजोबा सकाळी मला लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा त्यांनी वर बोट दाखवून काळजीने काहीतरी विचारलं. पाहुणे आहेत, एवढं सांगून मी वेळ निभावून नेली.

आता कोरियातल्या थंडीची एक गोष्ट सिंगापूरकरांच्या शीटमध्ये नव्हती. ही थंडी फक्त रस्त्यावर असते. घरात ओंडोल, म्हणजे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या. तळपाय शेकत असतात, माणसं घरात अर्ध्या बाह्यांत वावरतात. मेट्रोत बसायच्या जागाही खालून गरम. दुकानात शिरलं की चष्म्यावर वाफ. म्हणून कोरियन माणूस आत एक साधा शर्ट घालतो, वर गुडघ्यापर्यंत पॅडिंग चढवतो, आत आला की काढतो, बाहेर पडला की घालतो. एक चेन, काम संपलं. पाच थरांच्या माणसाला ही सोय नाही.

तर सकाळचा देखावा असा. दारापाशी थोरला पाच थरांत उभा, पायाखाली तापलेली जमीन, कपाळावर घामाच्या धारा. भावजी पुकारा करताहेत: "फ्लीस झालं? पॅडिंग घ्या. हातमोजे शेवटी, हातमोजे शेवटी!" त्यांची बायको धाकटीवर एकेक थर चढवतेय. आपल्याकडे गोविंदा पथकाचे थर लागतात तेव्हा जशी सगळ्या गल्लीची मान वर असते, तसे आम्ही श्वास रोखून. पाचवा थर लागतो. चेन हनुवटीपर्यंत येते. आणि वरच्या टोकावरून आवाज येतो, "आई, शू."

सगळे थर खाली. तोवर थोरला रडायला लागलेला, कारण तो शिजतोय. त्याचे दोन उतरवावे लागतात. धाकटी परत येते, तिचे लागतात, तोवर याचे लावायचे राहिलेले. आणि त्या धांदलीत थोरल्याला आठवतं की आपल्यालाही लागली आहे. नऊचं निघणं साडेदहावर. "उद्यापासून आधी शू," असा ठराव रोज व्हायचा. रोज एकमताने.

ग्यंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलं की 3000 वॉनचं तिकीट माफ असतं. ते वाचवायला सिंगापूरकरांनी त्याच्या कितीतरी पट भाडं देऊन चौघांसाठी हानबोक घेतले. दुकानातल्या बाईंनी खुणेने सांगितलं, पॅडिंग काढा, त्यावर हे बसणार नाही. भावजी म्हणाले, बसवा. बसला नाही. मग वाटाघाटी होऊन चार थरांवर तह झाला आणि हानबोक हा पाचवा, असं शीटमध्ये नोंदलं गेलं. राजवाडा 1395 सालचा आहे, मागे बुगाक डोंगर आहे, पहारेकऱ्यांची पालट बघण्यासारखी असते, वगैरे माझं सगळं पाठ होतं. कुणी विचारलं नाही. फोटो मात्र चांगले आले. त्यात मुलांचे हात अंगाला टेकत नाहीत, एवढंच.

बर्फाचं नाव काढायचं नाही अशी घरात परिस्थिती होती. कारण तो पडत नव्हता. इथला हिवाळा सायबेरियाकडून येतो आणि कोरडा येतो. जितका कडाका जास्त, तितकं आभाळ निळंशार. तीन दिवस थंडी आणि चार दिवस ऊब, असा इथल्या जुन्या माणसांचा हिशेब. हल्ली ऊब आली की बारीक धुळीचा करडा पडदाही येतो. हे मी भावजींना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरमालकाने जाहिरातीत कबूल केलेला गीझर चालत नाहीये.

"उणे बारा, वहिनी. उणे बारा! आणि बर्फ नाही?"

शेवटी होंगचनच्या स्की-रिसॉर्टला नेलं. तिथे यंत्राने उडवलेला बर्फ असतो. 2018 च्या प्यंगचांगच्या ऑलिंपिकमध्येही उतारांवरचा बहुतेक बर्फ यंत्राचाच होता, अशी मी समजूत घातली. थोरला घसरगाडीवरून एकदा खाली आला आणि मग केळ्याच्या दुधाची बाटली मागत बसला. धाकटीने बर्फाला एक बोट लावलं, ते बोट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "पुस." एवढ्यासाठी सिंगापूरहून साडेसहा तासांचं विमान.

भावजींना नमवणारं माणूस या सबंध मुक्कामात एकच भेटलं, ते परतीच्या मेट्रोत. सत्तरीच्या पुढची आजी, कुरळे आखूड केस, जांभळं पॅडिंग. कोरियात लहान मूल ही आता दुर्मीळ गोष्ट आहे. 2023 साली इथला जननदर एका बाईमागे 0.72 पर्यंत खाली आला होता, आणि बाबागाडीत कौतुकाने डोकावावं तर आत स्वेटर घातलेलं कुत्रं असण्याची बरीच शक्यता. त्यामुळे डब्यात अडीच वर्षांचं पोर दिसलं की सगळ्या आज्यांचे डोळे तिथेच. ही आजी धाकटीकडे पाहून हसली. मग तिची नजर खाली गेली. मांडीवर बसल्यामुळे धाकटीची विजार वर सरकली होती आणि मोजा खाली. मधे दोन बोटं उघडा घोटा.

"आइगू!"

पुढची तीन स्टेशनं तिने भावजींना झापलं. मोजा वर ओढला, विजार खाली ओढली, चेन तपासली, टोपी कानावर घेतली आणि पुन्हा झापलं. भावजींना कोरियनचं एक अक्षर येत नाही, पण ते उठून उभे राहिले होते आणि मान डोलावत होते. अख्खा डबा आजीच्या बाजूने. उतरताना तिने धाकटीच्या मुठीत एक गोळी कोंबली आणि भावजींच्या दंडावर एक चापट दिली. पाच थरांतून ती त्यांना लागली की नाही, ठाऊक नाही. घरी आल्यावर शीट उघडून त्यांनी घोट्याचा रकाना वाढवला.

नामी बेटावर जायच्या दिवशी मी खरं तर वैतागून मोकळी झाले होते. बेट बुखान नदीत आहे. 2002 साली 'विंटर सोनाटा' ही मालिका तिथे चित्रित झाली, तेव्हापासून तिथल्या उंच झाडांच्या रांगेतून चालायला जगभरची माणसं येतात. 2006 मध्ये बेटाने गमतीने स्वतःला 'नामिनारा प्रजासत्ताक' जाहीर केलं. तिकिटाच्या खिडकीवर इमिग्रेशन लिहिलेलं असतं. हे ऐकल्याबरोबर सिंगापूरकरांनी चारही पासपोर्ट, त्यांच्या झेरॉक्स, वर्क पासच्या प्रती आणि मुलांचे जन्मदाखले घेतले.

"भावजी, ती गंमत आहे."

"असू द्या हो. लागलंच तर."

उभी हयात व्हिसाच्या रांगेत गेलेल्या माणसाला या विषयातली गंमत कळत नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं, असं आता वाटतं.

बेटावर उणे नऊ. झाडं निष्पर्ण, बर्फ नाहीच. वाटेत एके ठिकाणी ओंडके पेटवून शेकोटी केली होती. मुलं तिकडे धावली, मागोमाग आम्ही. भावजी धाकटीला मांडीवर घेऊन बसले आणि चक्क हातमोजे काढून हात शेकायला लागले.

"निफाडला अशाच पेटवायचो," ते म्हणाले. "फक्त रांगेने. बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

निफाडचं नाव प्रत्येक मराठी माणसाने हिवाळ्यात पेपरात वाचलेलं असतं. 'निफाडचा पारा घसरला', तेच ते निफाड. आपण ते वाचतो, शाल ओढतो आणि चहा मागतो. द्राक्षवाल्याच्या घरी मात्र त्या आकड्यावर वर्ष उभं असतं. पारा फार खाली गेला की तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ऊब टिकवायची.

"दादा अडीचला उठायचे. बॅटरी मारून पारा बघायचे. पाचाच्या खाली असला की मला हाक. मी असेन सहावीत. आई दोन स्वेटर चढवायची, त्यावर दादांचा कोट, त्यावर घोंगडी."

"म्हणजे चार थर," मी म्हटलं.

"कानटोपी धरून पाच."

मग मुलांना घेऊन डिसेंबरात निफाडलाच का जात नाही, हा प्रश्न माझ्या तोंडून गेला. उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. जूनची सुट्टी निफाडला, डिसेंबरची मुलांच्या अनुभवासाठी, असं त्यांचं ठरलेलं आहे. हिशेब चोख आहे. पण जूनमध्ये वेलींवर द्राक्षं नसतात आणि निफाडला थंडीही नसते. नातवंडांनी आजोबांची बाग पाहिली आहे ती पानांची आणि तारांची. बाग आता वाट्याने दिलेली आहे. आजोबा अजूनही अपरात्री उठतात, पारा बघतात. फरक इतकाच की हल्ली तो ते मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवतात.

"आणि मी त्यांना इथला पाठवतो," असं म्हणून भावजींनी फोन माझ्यापुढे धरला. आमच्या बाल्कनीतल्या लाकडी पट्टीचे फोटो, एकाखाली एक, अंधारात बॅटरीच्या उजेडात काढलेले. शेवटच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'उणे बारा'. त्याखाली वडिलांचं उत्तर: 'गेली बाग.'

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. धाकटी मांडीवरून उतरली आणि म्हणाली, "शू."

पुढच्या डिसेंबरात मंडळी होक्काइडोला जायचं म्हणताहेत. तिथे बर्फ हमखास पडतो. सप्पोरोत किंवा आसपास कुणी मराठी कुटुंब राहत असेल, तर त्यांना ऑक्टोबरात मेसेज येईलच. सोफ्याचा बेड होत नाही असं सांगून पाहा, उपयोग नाही. ते गादी घेऊन येतील. मुलांना आधी बाथरूमला न्या आणि मगच थर लावू द्या. विजारी मोज्यात खोचा. बाल्कनीत एक खिळा ठोकून ठेवा. आणि रात्री अडीचला दिवा लागला तर उठू नका.