पिरसिगच्या मागे, तिसऱ्या रांगेतून

१९६८च्या जुलैत रॉबर्ट पिरसिग नावाचा माणूस मिनियापोलिसहून मोटरसायकलवर निघाला. मागच्या सीटवर अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस, सोबत बीएमडब्ल्यूवर जॉन आणि सिल्विया सदरलँड हे मित्र-जोडपं. मोंटानापर्यंत चौघं, तिथून पुढे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत बापलेक दोघंच. त्या प्रवासावर त्याने ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ लिहिलं. १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं, १९७४ साली ते एकदाचं छापलं गेलं आणि पुढे पन्नास लाखांवर प्रती खपल्या. त्यांतली एक माझ्याकडे आहे. पुढचं सगळं रामायण त्या एका प्रतीमुळे घडलं.

दुचाकीशी माझा संबंध विचाराल तर उभ्या आयुष्यात एक चेतक चालवली. रोज सकाळी तिला एका अंगावर आडवी करायची, सरळ करायची, मग किका मारायच्या. आडवी का करायची, हे मी कोणाला विचारलं नाही. गल्लीतले सगळे करायचे म्हणून मीही करायचो. एवढ्यावर न भागल्यास ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे. तरीही ते पुस्तक वाचताना मी स्वतःला पिरसिगच समजत आलो. त्यात दोन जातीची माणसं आहेत. एक पिरसिगसारखी, जी यंत्राच्या पोटात शिरतात. दुसरी जॉनसारखी, ज्यांना यंत्राने फक्त चालावं असं वाटतं. जॉनच्या घरातला नळ ठिबकतो आणि जॉन त्याकडे बघत नाही. हा भाग मी हिला मोठ्याने वाचून दाखवला. ही म्हणाली, “आणि आपल्या मोरीतल्या नळाला चिंधी कोणी बांधलीय?”

मी पान उलटलं.

मुलगा मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो आणि उन्हाळ्यात आमची तिकडे वारी असते. त्यामुळे पिरसिगच्या वाटेने जायचं असा बेत मी पुण्यातच पक्का केला. जेवणाच्या टेबलावर अमेरिकेच्या रस्त्यांचा ॲटलास पसरला आणि पुस्तकातली गावं शोधून लाल पेनने जोडत गेलो. ओक्स, एलेनडेल, हेग, मोब्रिज, लेमन, बोमन, मार्मार्थ. ही वाट कधी नॉर्थ डकोटात शिरते, कधी साउथ डकोटात, आणि दोन्ही राज्यं ॲटलासच्या वेगवेगळ्या पानांवर. महिनाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

त्या प्रवासात पिरसिगने काढलेले थोडे रंगीत फोटो आज बघायला मिळतात. प्रत्येक फोटो जिथे काढला तिथे उभं राहून तसाच फोटो काढायचा आणि परत आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात ‘तेव्हा आणि आता’ असं व्याख्यान ठोकायचं, इथवर माझी मजल गेली होती. तारीखही घेऊन ठेवली. फोटोंच्या प्रिंट काढायला गेलो तेव्हा रंगीत पानाचा भाव ऐकून काळ्या-पांढऱ्यावर समाधान मानलं. हिरवं गवत, पिवळा गहू आणि डांबरी रस्ता हे सगळं एकाच राखाडी रंगात आलं.

मोटरसायकल भाड्याने घेऊ, असं मी मुलाला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “बाबा, तुमचं टू-व्हीलरचं लायसन्स तरी जिवंत आहे का?” विषय संपला. त्यांची तीन रांगांची मोठी गाडी ठरली. चाकावर चिरंजीव, शेजारी फोनवर रस्ता बघणाऱ्या सूनबाई, मधल्या रांगेत कंबरेचा पट्टा लावलेली ही आणि बूस्टर सीटवर नात. तिसऱ्या रांगेत मी आणि राइस कुकर.

पिरसिगने बरोबर काय काय घेतलं याची यादीच पुस्तकात आहे. कपडे, पावसाळी सामान, टूलकिट, गाडीची दुरुस्ती-पुस्तिका आणि वाचायला थोरोचं ‘वॉल्डन’. आमची यादी हिने केली. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चकल्या, लिंबाचं गोड लोणचं, दोन प्रकारच्या चटण्या, आवळासुपारी. ‘वॉल्डन’ मी घेतलं होतं; ते कुकरखाली गेलं.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच पाणथळ जागांमधून जाणारा रस्ता आहे. पंखांवर लाल ठिपका असलेला काळा पक्षी उडतो, पिरसिग ख्रिसचा गुडघा थोपटून त्याला दाखवतो आणि ख्रिस म्हणतो, असले मी खूप पाहिलेत. मिनेसोटातल्या पहिल्याच दलदलीत मला तो पक्षी दिसला. मी पुढे वाकून नातीला हाक मारली. तिने टॅबलेटवरून नजर न काढता सांगितलं, “आजोबा, तो आमच्या स्कूलच्या मागे रोज असतो.” सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम चाललं होतं, म्हणून मला उलट आनंद झाला. असा आनंद पुन्हा झाला नाही.

कारण त्यानंतर डकोटा आलं. डकोटा म्हणजे आभाळ, खाली गवत, मध्ये तारेचं कुंपण. मैलोन् मैल तेच. माझ्याकडच्या एका प्रिंटमध्येही नेमकं एवढंच होतं. एका वळणावर मी “थांब, थांब, हीच जागा!” असं ओरडलो. गाडी थांबली. हातात कागद धरून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, दोन पावलं मागे, एक डावीकडे, डोळा बारीक करून. तेवढ्यात एक जुनी पिकअप येऊन थांबली. आत टोपीवाले आजोबा, माझ्याच वयाचे. गाडी बिघडलीय का, म्हणून विचारत होते. मी त्यांच्या हातात प्रिंट दिली आणि पिरसिग समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला, मग उलटा केला आणि मला कळलं की इतका वेळ तो माझ्या हातातच उलटा होता. वरचं राखाडी ते गवत आणि खालचं आभाळ असं मी जुळवत होतो. आजोबांनी फार सभ्यपणे सांगितलं की ही जागा इथून दोनशे मैलांच्या आत कुठेही असू शकेल. जाताना त्यांनी हिला पाण्याची बाटली दिली. मला नाही.

मोब्रिजला मिसुरी नदी ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, पलीकडे माउंटन टाइम सुरू होतो. पिरसिगसाठी हा पश्चिमेचा उंबरठा असेल. आमच्या गाडीत माझी रक्तदाबाची गोळी आठ वाजताची म्हणजे कुठल्या आठची, यावर चर्चासत्र झालं आणि ते लेमनपर्यंत टिकलं. लेमनमध्ये भर गावात अश्मीभूत लाकडांची बाग आहे, १९३०च्या सुमारास उभारलेली. दगड झालेले ओंडके रचून केलेले मनोरे. हिने एका ओंडक्यावर बोटाने टकटक केलं. “झाडाचा दगड व्हायला किती लाख वर्षं लागतात हो?” मी पाटी शोधू लागलो. “राहू दे, तिसऱ्या रांगेत बसलात तर लवकर होईल,” म्हणाली. गुडघे खरंच धरले होते.

त्याच टप्प्यात कुकरचं झाकण खडखडू लागलं. आता पुस्तकात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. पिरसिग म्हणतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घाल, मऊ पत्रा असतो, झकास बसेल. जॉनला अपमान वाटतो. एवढ्या भारी गाडीला डब्याचा पत्रा! माझ्यातला पिरसिग इथे जागा झाला. मी हाताला लागलेला एक कागद घेतला, चौपदरी घडी केली आणि झाकणाच्या फटीत दाबून बसवला. खडखड थांबली. मी सगळ्यांना ऐकायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. पुढची दोन गावं मी फार समाधानात काढली.

माइल्स सिटी हे पुस्तकातलं माझं लाडकं गाव. तिथे पिरसिग शांतपणे बसून इंजिनाचे टॅपेट जुळवतो आणि त्या निमित्ताने साऱ्या तर्कशास्त्राची उतरंड आपल्यापुढे मांडतो. आमचं नशीब असं, की त्याच गावात आमच्या गाडीतही एक पिवळा दिवा लागला. वाटीसारखं चित्र, आत उद्गारचिन्ह. मुलगा पेट्रोलपंपाच्या दुकानात कॉफी आणायला गेला होता. मी वही काढली. पिरसिग सांगतो, बिघाड शोधायचा तर वहीत लिहून शोधायचा. प्रश्न, अंदाज, प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष. आणि प्रश्न लिहिताना जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, आगाऊ काही गृहीत धरायचं नाही. मी लिहिलं: ‘दिवा का लागला?’ खाली अंदाज क्रमांक एक: ‘इंजिन.’ प्रयोग: ‘बॉनेट उघडणे.’

उघडायला बराच वेळ लागला. आतली कळ ओढल्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. दुसरी ओढल्यावर बॉनेट बोटभर वर आलं आणि तिथेच अडकलं. नातीने यूट्यूबवर बघून फटीत बोट घालून खटका सरकवला. आत बघतो तर इंजिन नाही. म्हणजे असणार, पण वरून एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. पिरसिगने टॅपेट जुळवले त्या गावात मी एक झाकण बघत उभा राहिलो. ते पुसलं मात्र. मग बॉनेट टेकवायची दांडी कुठल्या भोकात बसते याचा अंदाज क्रमांक दोन लिहीत होतो, तोवर सूनबाईंनी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला, किती हवा हवी ते पाहिलं, चारही चाकांत भरली आणि नळी जागेवर लावली. “बाबा, टायर प्रेशरचा दिवा होता तो. तुम्ही काय शोधताय?” थोडं अंतर गेल्यावर दिवा विझला. वहीत निष्कर्षाची जागा अजून कोरी आहे.

बेअरटूथ घाट मात्र सगळ्यांना बघायचा होता. रेड लॉजपासून कुक सिटीकडे जाणारा हा रस्ता १९३६ साली खुला झाला आणि वर १०,९४७ फुटांपर्यंत चढतो. भर जुलैतही कडेला बर्फ असतो. वळणं अशी, की खिडकीतून मघाशी डावीकडे दिसलेली दरी आता उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडे. पुस्तकात ख्रिसचं पोट सारखं दुखतं. ते फार गंभीर प्रकरण आहे. बापाला त्यात मानसिक आजाराची चाहूल दिसते आणि वाचणाऱ्याचा जीव गलबलतो. माझ्या पोटात जे चाललं होतं त्यात गंभीर काही नव्हतं. चकल्या होत्या. चिरंजीवांनी दोनदा गाडी बाजूला घेतली. दुसऱ्यांदा मी कठड्याला धरून वाकलो असता पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, “अजून दहा मैल, बाबा. पुढे बघा, खाली नको.” लहानपणी खंबाटकी घाटात मी त्याला हेच सांगायचो, अगदी याच आवाजात.

तिथे मला पुस्तकाचा हिशोब नीट लागला. ख्रिसला सगळ्या प्रवासात बापाची पाठच दिसते. ‘अजून किती लांब’ विचारायचं, पोट धरायचं आणि मागे बसायचं. मला मुलाच्या डोक्यामागची उशी दिसत होती. एवढी वर्षं पुस्तक वाचून मला माझी भूमिका चुकीची मिळाली होती.

माथ्यावर बर्फात ही कानटोपी घालून उभी राहिली. शाल, वर पावसाळी जाकीट. समोर शिखरांची रांग स्वच्छ दिसत होती. गवताचं सोडा, पण डोंगर काही साठ वर्षांत जागा बदलत नाहीत. मागे डोंगर असलेली माझ्याकडची एकुलती एक प्रिंट इथे जुळवून बघता आली असती. पिशवी उलटीपालटी केली, ॲटलास झटकला, ‘वॉल्डन’ची पानं फडफडवली. प्रिंट नाही. मग नातीला सुचलं. कुकरच्या झाकणातून तिने कागद काढून माझ्या हातात दिला. चौपदरी घडी, लोणच्याच्या खारात भिजलेली. उलगडताना त्याचे चार डोंगर झाले.

बोझमन गावात पिरसिग १९५९ ते १९६१ कॉलेजात निबंधलेखन शिकवायचा. एका मुलीला लिहायला काही सुचेना. तो म्हणाला, मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाउसच्या दर्शनी भिंतीची वरची डावी वीट घे आणि तिथून सुरू कर. तिने मग पानंच्या पानं लिहिली. मीही मेन स्ट्रीटवर बाकावर बसून समोरच्या इमारतीची वरची डावी वीट धरली. पाचव्या ओळीत पंढरपूरला पोचलो, पुंडलिकाने ती फेकलेलीही होती आणि विठोबा येऊन उभाही राहिला होता. बोझमनचा त्यात शब्द नाही. ही म्हणाली, “तुमचा पिरसिग बनारस हिंदू विद्यापीठात शिकून गेला ना? मग तो इथवर येऊन विटांबद्दल का बोलतो?” तो काशीतून मध्येच उठून आला होता, हिरोशिमाही माया आहे असं गुरुजी म्हणाले म्हणून. हे सांगितल्यावर हिला तो प्रथमच आवडला.

बोझमनहून सदरलँड जोडपं मागे फिरतं. आम्हीही फिरलो, मुलाची रजा संपत आली होती. उरलेला रस्ता, लोलो खिंड, ग्रेंजव्हिल, प्राइनव्हिल, क्रेटर लेक ते सॅन फ्रान्सिस्को, मी पुण्याला परतल्यावर जेवणाच्या टेबलावर ॲटलास आणि संगणकावरची रस्त्यांची चित्रं बघत पुरा केला. तो भाग उत्तम झाला. संघातलं व्याख्यानही झालं. ‘तेव्हा’चा फोटो लोणच्यात आणि ‘आता’च्या फोटोंत माझा अंगठा, तरी सभागृह भरलेलं होतं. पहिला प्रश्न आला, अमेरिकेत पेट्रोल काय भाव?

पिरसिगची ती होंडा सुपर हॉक, ३०५ सीसीची, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ती बघायला तिसऱ्या रांगेत बसावं लागत नाही. तरीही कोणाला त्याच वाटेने जायचंच असेल, तर बेअरटूथचा रस्ता बर्फामुळे साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो, तेवढं बघून निघा. प्रिंट रंगीत काढा. आणि चकल्या घाट उतरल्यावर खा.