अप्पा आन झे

अप्पांना समुद्राची आवड नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हॉलंडच्या किनाऱ्यावरची इतकी गावं पालथी घातली की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस लाटांसाठी वेडा आहे. अप्पांना आवड आहे ती बसची. समुद्र मध्ये येतो तो एवढ्याचसाठी, की त्याच्या पुढे बस जात नाही.

आमच्या अम्स्टलफेनात मे महिना लागला की आंबे येत नाहीत, आईवडील येतात. शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि गुडघ्याचं मलम. पहिले आठ दिवस कालवे, पवनचक्क्या, ट्यूलिप. मग मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं पाळणाघरात. आईने तोवर स्वयंपाकघराचा ताबा घेतलेला असतो, आणि वडील खिडकीशी उभे राहतात. त्या खिडकीतून ज्याला बसथांबा दिसतो, तो तरला. असे तरलेले आजोबा इथे लांबूनही ओळखता येतात. गळ्यात दोरीला अडकवलेलं प्रवासाचं कार्ड, पाठीवर नातवाची डायनोसॉरवाली जुनी सॅक, खिशात घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी आणि पायात मुलाने सेलमध्ये घेतलेले अर्ध्या नंबराने मोठे बूट. मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की एकमेकांना तब्येत विचारत नाहीत. ‘तुम्ही फोलेंडामला कोणत्या गाडीने गेलात?’ असं विचारतात.

अप्पा या जमातीतले शिरोमणी. आमच्या वरच्या मजल्यावर काकूंबरोबर मुलाकडे आलेले. वय शहात्तर, आणि नोकरी सगळी चिपळूण आगारात. निवृत्त झाले ते वाहतूक नियंत्रक म्हणून. कंट्रोल केबिनमध्ये बसून त्यांनी गुहागरच्या गाड्या सोडल्या, वस्तीच्या गाड्यांची वाट पाहिली आणि उशिरा येणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना मेमो दिले. किती दिले, ते अजून अभिमानाने सांगतात.

त्यांची पहिली तक्रार पैशांची. महाराष्ट्रात 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट फाडून मिळतं. काकूंना 2023 पासून अर्धं तिकीट. ‘आणि हे श्रीमंत म्हणवणारे लोक म्हाताऱ्याकडून चढायचेच चार युरो कापतात!’ ते कापलेले पैसे उतरताना कार्ड लावलं की हिशेब होऊन परत मिळतात, हे मुलाने समजावलं. तरीही पहिल्या दिवशी अप्पांनी ड्रायव्हरला आधार कार्ड दाखवलंच. ड्रायव्हरने ते उलटसुलट पाहिलं, फोटो छान आहे अशा अर्थाची मान हलवली आणि ‘खुये मॉर्खन’ म्हणाला. अप्पा सीटवर येऊन काकूंना हळूच विचारतात, ‘मला मूर्ख म्हणाला का गं तो?’ काकू म्हणाल्या, ‘इतक्या लवकर कसा ओळखेल?’

खरा घोटाळा झाला तो घंटेचा. एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जन्मभर कानात मुरलेला हा कायदा. इथल्या यंत्राचा कायदा बरोबर उलटा: चढताना एकदा पीं, उतरताना दोनदा पीं-पीं. अप्पांनी उतरायला पाय खाली टाकला, यंत्राने डबल बेल दिली, आणि गाडी सुटली असं वाटून अप्पा टुणकन परत आत चढले. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा एका कॉलेजच्या पोराने त्यांना दंडाला धरून फुटपाथवर उभं केलं.

पण महिनाभरात त्यांनी अख्खी व्यवस्था तपासून काढली. एक वही केली. त्यात गाडी नंबर, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आणि ‘लेट’ हा रकाना लाल शाईत. वेळ म्हणजे सात बावीस. ‘सव्वासात नाही, साडेसात नाही, बावीस! हा आकडा काढला कुणी?’ असं म्हणताना त्यांच्या आवाजात राग नसे, देवळात शिरल्यावर येतो तसा भाव असे. थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही, हात वर करावा लागतो, हे कळल्यावर ते भलतेच खूश झाले. ‘हात दाखवा, गाडी थांबवा! आमची योजना!’ उतरणारा प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘डूई’ म्हणून निरोप देतो, तेही त्यांनी उचललं. फक्त चिपळूणच्या खणखणीत आवाजात, त्यामुळे मागच्या सीटवरची बाळं जागी होत. सगळ्यात भारावले ते रिकाम्या जाणाऱ्या बसच्या पाटीने. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘सॉरी, सेवा नाही’. अप्पा वहीत टिपून आले: ‘गाडी स्वतः माफी मागते.’ पुढे कंसात: ‘आपल्याकडे कुणीच मागत नाही.’

आता गावांकडे वळू, कारण अप्पा नाइलाजाने वळले. इथल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांच्या नावापुढे ‘आन झे’ असतं, म्हणजे समुद्राकाठचं. काटवाइक आन झे, बेर्खन आन झे, वाइक आन झे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतं तसंच हे, आणि त्याच्याइतकंच घातक. आल्कमारहून एग्मंडला जायचं ठरलं. एग्मंड तीन आहेत. एग्मंड बिनन आतलं, एग्मंड आन देन हूफ मधलं, आणि एग्मंड आन झे काठावरचं. पाटीवर ‘एग्मंड’ दिसताच नियंत्रकसाहेबांनी अधिकारवाणीने बटण दाबलं आणि काकूंना घेऊन मधल्या एग्मंडात उतरले. तिथे एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, खंदकात बदकं आहेत, समुद्र नाही. अप्पांनी आजूबाजूला पाहिलं आणि जाहीर केलं, ‘ओहोटी असेल.’

ओहोटी तीन किलोमीटरची होती. खंदकाच्या कडेला दशम्या सोडून बसल्यावर काकूंनी जे सुनावलं ते मला नंतर जिन्यात कळलं. ‘तुम्ही एवढी वर्षं गुहागरच्या गाड्या सोडल्यात. स्टँडवर उतरून, व्याडेश्वराचं दर्शन घेऊन मागे गेलं की समुद्र. एकदा तरी मला घेऊन बसलात का तिथे?’ अप्पांचं उत्तर तयार होतं. ‘अगं, बसलो असतो, पण परतीची गाडी लगेच होती.’

आणि अप्पांची बाजू थोडी घ्यायलाच हवी. योग्य थांब्यावर उतरलं तरी इथे समुद्र दिसतोच असं नाही. कोकणात घाटाच्या वळणावर तो एकदम समोर येऊन उभा राहतो, गाडीतले सगळे एका बाजूला कलतात. हॉलंडात जमीन खाली आणि समुद्र वर. आमचा स्किपोल विमानतळ तर 1852 साली उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळाशी आहे, समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली. हे कळल्यापासून अप्पा रात्री मुलाला विचारत, ‘पंपवाला जागा असतो ना?’ त्यामुळे किनाऱ्यावर बस थांबते तिथे समोर वाळूची टेकडी किंवा बांध असतो, आणि समुद्र पलीकडे. बिऱ्हाडकरूला घरमालकाचा फक्त आवाज ऐकू यावा तसा तो ऐकू येतो. टेकडी चढा, वारा थोबाडीत मारतो, मग खाली पसरलेलं करडं पाणी. इथले लोक मुद्दाम असा वारा खायला जातात, त्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळं क्रियापद आहे. अप्पा टेकडीवर तीन मिनिटं उभे राहत, टोपी धरून. ‘आहे,’ म्हणत, आणि थांब्यावरचं वेळापत्रक वाचायला खाली येत.

सगळ्यात मोठा विश्वासघात आफस्लाउटडाइकवर झाला. उत्तर समुद्राचा आत घुसलेला फाटा तोडून 1932 साली पुरा केलेला हा 32 किलोमीटरचा बांध. त्यावरून आल्कमार ते लेवार्डन बस जाते. अप्पांनी आदल्या रात्री आम्हा सगळ्यांना बांधाची माहिती दिली. डावीकडे खारं पाणी, उजवीकडे गोडं, मध्ये आपली गाडी. पहिली सीट धरली. आणि काय? रस्ता बांधाच्या आतल्या अंगाने जातो. उजवीकडे गोडं पाणी दिसत राहिलं. डावीकडे 32 किलोमीटर गवताची भिंत, वर मेंढ्या. समुद्राच्या मधोमध जाऊन समुद्र न दाखवणारी ही जगातली एकमेव फेरी असावी, असा शेरा वहीत आहे. गाडी मात्र दोन मिनिटं आधी पोचली. तेवढ्यावर अप्पांनी बांध माफ केला.

खाण्याचं थोडक्यात. जूनमध्ये नव्या हंगामाची हेरिंग येते, कच्ची, बारीक कांदा लावून. शेपटीला धरून, मान मागे टाकून खायची. अप्पांनी ती दोन्ही बाजूंनी पाहून घेतली आणि म्हणाले, ‘मासा आहे, कांदा आहे, चुलीपर्यंत जोडगाडी मिळालेली दिसत नाही.’ मग किबलिंग घेतलं. ती आपली माशाची भजीच, त्यामुळे त्याबद्दल काही बोलले नाहीत, दोनदा घेतली.

जोडगाडी हा त्यांचा आयुष्याचा शब्द. काटवाइकच्या बसमध्ये ड्रायव्हर सावळा, नाकीडोळी आपल्यातला. अप्पांनी रीतीप्रमाणे गाव विचारलं. तो मोडक्या हिंदीसारखं काहीतरी गोड बोलला. त्याचे पूर्वज मजूर म्हणून कलकत्त्याहून जहाजाने सुरिनामला गेलेले. तसलं पहिलं जहाज, लल्ला रूख, 1873 साली तिथे पोचलं. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्याचे आईवडील इथे आले. अप्पा थांबा येईपर्यंत मनात हिशेब करत होते. ‘कलकत्ता ते सुरिनाम ते काटवाइक. जोडगाडीला एकशे दोन वर्षं थांबावं लागलं की हो तुम्हाला!’ ड्रायव्हर एवढा हसला की गाडी एक मिनिट उशिरा सुटली. लाल शाईत एक मिनिट पडलं. नाती वेगळी, रकाना वेगळा.

निघायच्या तीन दिवस आधी अप्पा एकटेच झेलंडला गेले. परत आले ते वेगळेच दिसत होते. तिथे त्यांना ‘ब्यूर्टबस’ भेटली होती. मोठी बस परवडत नाही अशा गावांसाठी ही आठ सीटांची छोटी गाडी असते, आणि ती चालवतात गावातलेच स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. बिनपगारी. ‘म्हणजे रिटायर झाल्यावर पुन्हा ड्युटी देतात?’ अप्पांनी मला तीनदा विचारलं. बाग लावून, ब्रिज खेळून कंटाळलेला माणूस आठवड्यातून एक दिवस स्टिअरिंगवर बसतो, हे त्यांना रेम्ब्रांटपेक्षा मोठं वाटलं.

त्या दिवशी गाडीत ड्रायव्हर, अप्पा आणि चाकांची काठी घेतलेल्या एक आजी, एवढेच. ड्रायव्हर सत्तरीचा. बांधाकडे बोट दाखवून त्याने 1953 सांगितलं. 1 फेब्रुवारीच्या पहाटे बांध फुटले, देशात 1836 माणसं गेली. त्याचा बाप दोन रात्री घराच्या छपरावर होता. अप्पांचं इंग्रजी वेळापत्रकापुरतं. पण ‘चिपळूण, ट्वेंटी ट्वेंटी वन’ एवढं म्हणून त्यांनी हात गाडीच्या छताला लावला: पाणी इथवर. आमचा स्टँड बुडाला, आगारप्रमुख नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते. हे त्यांनी कोणत्या भाषेत सांगितलं देव जाणे. त्या माणसाने गाडी कडेला घेतली, पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ‘पैसे वाचले?’ अप्पा म्हणाले, ‘पै न पै.’

आजींच्या थांब्यावर अप्पाच आधी उतरले. काठी खाली घेतली, आजींना हात दिला, पुन्हा चढून दार लावलं आणि सवयीने पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मग गिअर टाकला.

अप्पा चिपळूणला परतून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा मला फोन आला. तब्येत, पाऊस, कोयनेचं पाणी हे होईपर्यंत आवाज दबका होता.

‘अरे, हिशेब जुळत नाही. कार्डात चार युरो कमी पडतायत. त्या छोट्या गाडीतून उतरताना तो हात मिळवायला खाली आला, त्या नादात माझं दोनदा पीं करायचं राहिलं. काही होईल का?’

होतं. राहिलेलं चेक-आउट मागून भरून पैसे परत मागायची सोय आहे. मी फॉर्म उघडला. थांबा कोणता, तारीख कोणती, उतरायची वेळ काय. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज.

‘पोचायची वेळ चार एकोणचाळीस.’

‘आणि पोचलात किती वाजता?’

बराच वेळ फोनवर नुसता पाऊस ऐकू येत होता.

‘चार एकोणचाळीसच लिही,’ अप्पा म्हणाले. ‘गप्पांत अकरा मिनिटं गेली. त्याला मेमो नको.’