हात कोणापुढे जोडावेत?

नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या मास्तरांनी प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. त्यापायी त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. ते कोर्टात गेले आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की शिक्षकावर हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही.

संविधानाचं कलम २८ तसं सरळ आहे. शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालत असेल तर तिथे धर्मशिक्षण नाही. नुसतं अनुदान किंवा मान्यता असेल तर देता येतं, पण सक्ती नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी.

पिंपळगावातल्या आमच्या ओळखीच्या एका सरांची शाळा अनुदानाच्या चाळीस टक्क्यांच्या टप्प्यावर आहे. त्यांनी विचारलं, "म्हणजे उरलेले साठ टक्के देवाचे का?"

म्हटलं, "सर, ते तर आधीपासून त्याच्याच भरवशावर आहेत."

सर सकाळी गणित शिकवतात आणि दुपारी कांद्याच्या खळ्यावर पावत्या लिहितात. दोन्हीकडे टक्केवारी चांगली असावी लागते. अशा शाळांवरच्या 'कायम विनाअनुदानित' या शिक्क्यातला 'कायम' सरकारने २००९ मध्ये काढला. अनुदानाचे पहिले वीस टक्के यायला २०१६ उजाडलं. २०२४ च्या ऑक्टोबरात पुढचा टप्पा मंजूर झाला. निधीची तरतूद तेवढी राहिली. म्हणून २०२५ च्या जुलैत, भर पावसात, राज्यभरचे शिक्षक पुन्हा आझाद मैदानात.

तिथे जोडलेल्या हातांना मात्र कलम २८ चं संरक्षण नाही. मंत्री धर्मात मोडत नाहीत, असा घटनाकारांचा समज असावा. मंत्रालयातल्या दर्शनाच्या रांगा त्यांनी पाहिल्या नव्हत्या. इथे नैवेद्यही लागतो. त्याला निवेदन म्हणतात आणि ते तीन प्रतींत द्यावं लागतं. प्रसाद हप्त्याने मिळतो.

परवा सरांबरोबर बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघत उभे होतो. व्यापाऱ्याने ट्रॉलीतला मूठभर कांदा उचलला, दाबला, भाव पुकारला. माल तोलला, पावती फाटली आणि शेतकरी नोटा मोजायला लागला. सर टक लावून बघत होते. म्हणाले, "यांना एकदम शंभर टक्के?"

वीस टक्के आत्ता घ्या, पुढचे वीस तरतूद झाली की देतो, असं एखाद्या व्यापाऱ्याने पिंपळगावच्या लिलावात म्हणून पाहावं. मुंबई-आग्रा महामार्ग चांदवडपर्यंत तुंबेल.