बिनबंदुकीचा शिकारी

शिकारीला निघताना कोणता जीपीएस बरोबर घ्यावा, हा प्रश्न पडायला आपल्याकडे फार उशीर झाला. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनं उरल्यासुरल्या फटीही बुजवल्या. कायद्याच्या लेखी जनावर मारणं तर शिकार आहेच, पण पकडणं, हाकारा घालून उठवणं, पक्ष्याची अंडी उचलणं, इतकंच काय, यातलं काही करू बघणं हीसुद्धा शिकारच. कर्नाटकात कोडगूच्या कोडवा लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. कैलपोद सणाला ते बंदुकीची पूजा करतात आणि मग तिनं नेम धरून नारळ फोडतात. रानडुकराच्या वाट्याचं आता नारळाच्या वाट्याला येतं.

माझ्या सांगलीच्या मेव्हण्याला हे सगळं ठाऊक आहे. तरी त्याचा फोन आलाच. "दाजी, शिकारीचा जीपीएस घ्यायचाय. तुम्ही बेंगळुरात, तिथं असलं सगळं ढिगानं मिळत असेल." बेंगळुरूत राहणारा प्रत्येक जण इंजिनिअर असतो आणि इंजिनिअरला जगातल्या यच्चयावत यंत्रांतलं कळतं, अशी सांगलीत ठाम समजूत आहे. मी जन्मभर बँकेत होतो, हे तिथं कुणी मनावर घेत नाही.

"शिकार कसली करणार रे?"

"कसली नाही हो. रानात हिंडायचं, पक्षी बघायचे. पण शिकारीचं यंत्र दणकट असतं म्हणे."

त्याच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. बंदूक कधीच सरकारजमा झाली. ऐट तेवढी वारसाहक्कानं नातवाकडे उतरली.

आमच्या सोसायटीत एक ट्रेकिंगवेडा मुलगा आहे. त्याचं यंत्र मी दोन दिवस बघायला आणलं. मुठीत मावणारं, जाड रबरी कडांचं, अंगठ्याखाली एक बारकी दांडी. गॅलरीत धरून उभा राहिलो. निम्मं आभाळ समोरच्या इमारतीनं खाल्लेलं, त्यामुळे उपग्रह सापडायला वेळ लागला. तोवर मेनू चाळत होतो, तर त्यात 'शिकार आणि मासेमारी' असं एक पानच निघालं. चंद्राच्या स्थितीवरून आज शिकारीला कोणते तास चांगले, हे ते सांगतं. म्हणजे हे अमेरिकेतलं कालनिर्णयच! त्या दिवशी म्हणे संध्याकाळ उत्तम होती. समोरच्या कठड्यावर चार कबुतरं बसली होती. त्यांना या योगाची काही कल्पना दिसली नाही.

एकदा शोध सुरू झाला की निवड हीच शिकार होऊन बसते. दबा धरायचा, भाव उतरायची वाट बघायची, आणि नेम धरावा तर तेवढ्यात नवं मॉडेल झुडपातून बाहेर पडतं. टचस्क्रीन की बटणं? टचस्क्रीन दुकानात देखणी दिसते, पण आंबोलीच्या पावसात काचेवर पडणारा प्रत्येक थेंब तिला बोटच वाटतो आणि नकाशा आपला आपण पळू लागतो. आतच बसवलेली बॅटरी की पेन्सिल सेल? पेन्सिल सेल कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात. चार्जिंगचं सॉकेट मात्र झाडाला नसतं. उपग्रहावरून निरोप पाठवणारं महागडं मॉडेल तर नकोच. आपल्याकडे तसलं यंत्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला एवढ्याचसाठी अडवलं होतं. मदत मागायच्या यंत्रापायीच मदत मागायची वेळ आली.

या यंत्राची अचूकताही पुष्कळ वर्षं दुसऱ्याच्या मर्जीवर होती. अमेरिकेचं लष्कर सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम खोट मिसळायचं, त्यामुळे शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचं. मे 2000 मध्ये ती खोट काढली आणि चूक दहाएक मीटरवर आली. पुढे आपण आपले उपग्रह धाडले. नाविक या आपल्या यंत्रणेचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 ला उडाला. त्या साऱ्याचा हिशोब ठेवणारं इस्रोचं केंद्र बेंगळुरूबाहेर ब्यालाळूला आहे. विमानांसाठी जीपीएसमधली चूक सुधारून देणाऱ्या गगन यंत्रणेचं मुख्य केंद्र तर कुंदलहळ्ळीला, शहरातच. तिथल्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे अगदी मीटरात कळतं. घरी कधी पोचणार, एवढंच कळत नाही.

मोजमापाची खोड या शहराला जुनी आहे. 1800 साली विल्यम लँब्टननं इथंच पोलादी साखळीनं सात मैलांहून लांब आधाररेषा मोजली. त्या कामातून उभी राहिलेली त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून मोजत मोजत उत्तरेकडे गेली आणि लँब्टन 1823 मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. पुढे एव्हरेस्ट नावाच्या अधिकाऱ्यानं काम हाती घेतलं. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे त्याच्याच आकडेमोडीवर बेतलेले आहेत, तर जीपीएसचं गणित वेगळं. यंत्रातली या गणिताची सेटिंग बदलली नाही, तर कागदावरची विहीर आणि पडद्यावरची विहीर यांच्यात शंभरेक मीटरचं अंतर पडतं. रात्री अंधारात एवढं अंतर विहिरीत पडायला पुरेसं आहे.

मग जुने शिकारी कसे हिंडत? केनेथ अँडरसन याच शहरात राहायचा आणि इथल्याच विमान कारखान्यात नोकरी करायचा. 1954 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागावर तो जवळगिरी, गुम्मळापूरच्या रानात जायचा. त्याचं वाट दाखवणारं यंत्र म्हणजे बैरा नावाचा पुजारी जमातीतला माणूस. बैऱ्याला सेल लागत नव्हते. वाळूत उमटलेला पंजा ताजा की शिळा, पाणवठ्यावर काल रात्री कोण येऊन गेलं, वानर नेमकं कशाला ओरडलं, हे त्याला कळायचं. आपल्या सह्याद्रीत चकवा लागतो, तेव्हाही गावातला गुराखीच आपल्याला वाटेला लावतो. जीपीएसला तुम्ही कुठे आहात ते कळतं. जनावर कुठे आहे, याचा त्याला पत्ता नसतो. शिकाऱ्याचं तर सगळं त्या पत्त्यावरच अवलंबून.

त्याच पुस्तकात अँडरसननं जालहळ्ळीच्या बिबट्याची गोष्ट सांगितली आहे. आता जालहळ्ळीला मेट्रोचं स्टेशन आहे. पण म्हणून बिबट्यानं शहराचा नाद सोडलेला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये एक बिबट्या बेंगळुरूच्या पूर्व भागातल्या शाळेत शिरला होता. त्याला पत्ता विचारावा लागला नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या सगळ्या शिकारकथेत जीपीएसचा सर्वांत चांगला उपयोग झाला तो बिबट्याच्या गळ्यात. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या बाहेर काढला, त्याला जीपीएसची कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. कॉलर एसएमएस पाठवत राहिली आणि आजोबा चालत राहिले. रेल्वेमार्ग, महामार्ग, वस्त्या ओलांडत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून ते थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचले. वाटेत कुणाच्या अंगावर गेले नाहीत. वाट चुकू नये म्हणून माणूस ज्या यंत्रासाठी हजारो रुपये मोजतो, ते यांच्या गळ्यात फुकट होतं आणि त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनानं त्यांना उडवलं. त्यांना वाट माहीत होती. गाडीवाल्याला ती वाट त्यांचीही आहे हे माहीत नव्हतं.

मेव्हण्याला मी शेवटी जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं, पाण्यात पडलं तरी टिकणारं साधं यंत्र घ्या. आत होकायंत्र आहे ना, तेवढं बघा. नाहीतर उभं राहिल्यावर तोंड कुठल्या दिशेला आहे ते यंत्र सांगत नाही, त्यासाठी आधी चालावं लागतं. रानात शिरण्याआधी गाडी लावली ती जागा नोंदवा, वन खात्याची परवानगी काढा, जादा सेल घ्या, कागदी नकाशा घ्या. गावातला एक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याची मजुरी नीट द्या. यंत्र आणि तो यांचं एकमत झालं नाही, तर बिनदिक्कत त्याचं ऐका.