जिताड्याची चोरी आणि भाच्याचं बिऱ्हाड

“गुरुजी, हाय का कोन घरान?”

काकींची ही हाक म्हणजे प्रश्न नसतो, समन्स असतं. मी अंगणात उभा राहून दात घासतोय हे त्यांना शेराच्या कुंपणातून स्वच्छ दिसत होतं. मांडीवर सूप, सुपात वाल. मोबाइल शेराच्या बेचक्यात खोचलेला, म्हणजे दोन्ही हात वालाला मोकळे. मी चूळ भरून कुंपणाशी गेलो.

विषय भाच्याचा होता. त्याला डोलवीला कंपनीत नोकरी लागलीय आणि सध्या तो दिव्याहून मेमूनं ये-जा करतो. शिफ्ट सुटली की गाडी नसते आणि गाडी असते तेव्हा शिफ्ट सुटत नाही. तेव्हा बिऱ्हाड हलवायचं ठरलंय. पेणला भाडं जास्त, वडखळला धूळ. नागोठणं त्याला बरं वाटतं, आणि काकींना अर्थातच आपलं कासू. पण निर्णय घेणार भाच्याची बायको, जन्म डोंबिवलीचा. तिनं आवाजी निरोप पाठवला होता. काकींनी मोबाइल बेचक्यातून काढला आणि मला ऐकवला. खोल्या किती, पाणी किती वेळ, शाळा कुठं, यातलं एकही तिनं विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच: “मावशी, तिकडे सेफ आहे ना? चोऱ्यामाऱ्या होतात का? आजूबाजूला लोक कसे आहेत?”

“आता हिला काय सांगू? आपल्या गावान चोऱ्या होतात का?”

“होतात की. जिताडा विसरलात?”

काकींचा हात सुपात थांबला. क्षणभरच. मग परत खडे डावीकडे, वाल उजवीकडे.

जिताडा हा मासा आमच्या खारेपाटाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पावसाळ्यात खाडीच्या पाण्यातून बोटाएवढी पिल्लं धरायची, शेतातल्या तळ्यात सोडायची आणि तीन-तीन वर्षं लहानसहान मासळी घालून पोसायची. घरात गायीला नाव नसेल, पण तळ्यातल्या मोठ्या जिताड्याचा विषय रोज निघतो. तो कापायचा तर कारणही तसंच लागतं, जावई येणार किंवा साहेबाकडे अडलेलं काम. तर काकींच्या दिरांच्या तळ्यातला असा एक जिताडा, पोरं त्याला “सरपंच” म्हणायची, दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आदल्या रात्री नाहीसा झाला. मार्चात तळं आटून गुडघाभर राहतं, तेव्हा धरायला जाळंही लागत नाही म्हणा. सकाळी काठावर चिखलात पावलं होती आणि एक फाटकं गोणपाट. होळीच्या रात्री कुणाच्या मांडवाची लाकडं गेली तर आपल्याकडं कुणी रागवत नाही, तो रिवाजच आहे. पण रिवाजात जिताडा बसत नाही.

दुपारपर्यंत गावानं चोर ठरवूनही टाकला होता. वीटभट्टीवरची पोरं. कातकऱ्यांची दोन पोरं दोन तास देवळाच्या ओट्यावर बसवून ठेवली. त्यांच्या झोपडीत ना खवलं सापडलं ना काटा. तरी लोक म्हणाले, “खाल्ला असंल काट्यासकट.” मी तिथं होतो. मी मोठ्यानं काही बोललो नाही, हे इथं लिहून ठेवतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली गेला. वर्गात मी हे शिकवलंय. ओट्यावर शिकवायला जमलं नाही.

“तिला काय सांगाल मग, लोक कसे आहेत?” मी विचारलं.

“लोक आपलेच ना,” काकी म्हणाल्या. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

माझ्या नातीनं मला एक उद्योग शिकवलाय. सुप्रीम कोर्टानं 2016 साली सांगितल्यापासून पोलिसांना बहुतेक एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. बायकामुलांवरच्या अत्याचारासारखी नाजूक प्रकरणं तेवढी वगळतात. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारखा घालायच्या. माझी सकाळची वर्तमानपत्रं आता दोन. 1 जुलै 2024 पासून कलमांचे आकडे बदलले, तेही पाठ झाले. 303 म्हणजे चोरी, 305 म्हणजे घरातली चोरी, 331 घरफोडीचं. पण हायवेलगतच्या ठाण्याची यादी उघडा, भेटतात ती 281, 125 आणि 106. बेदरकार वाहन, दुखापत, हलगर्जीनं मृत्यू.

“म्हंजे हायवे,” काकी म्हणाल्या.

हायवेच. पनवेल ते इंदापूर, 84 किलोमीटर. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं तेव्हा माझी ही नात झालीही नव्हती. ती आता मला साइट उघडून देते आणि रस्त्याचं काम आहे ते आहेच. कासूत घर घेणाऱ्यानं कुलूप किती लिव्हरचं घ्यायचं हे विचारण्याआधी पोरगं शाळेला जाताना रस्ता कुठून ओलांडणार ते बघावं. पण हे कुणी विचारत नाही. चोराची भीती वाटते, डंपरची सवय होते.

शिवाय त्या यादीवरून गाव तोलायचं तर तेही तिरकंच. जिथं तक्रार लिहून घेतात तिथं गुन्हे जास्त दिसतात. जिथं ‘आपसात मिटवा’ म्हणतात ते गाव कागदावर सोन्यासारखं. 2007 च्या 15 ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडं मिटवण्याला भलताच मान आला. मी समितीत होतो, तेव्हा घरचं सांगतोय. बांधावरून डोकी फुटलेली भावंडं आम्ही चहा पाजून घरी पाठवली आहेत. ती कुठल्याच यादीत नाहीत.

“आनि ते बँकेचं?” काकी हळूच म्हणाल्या.

हो, ते राहिलंच. काकींचे यजमान हयात होते तेव्हा घराला तीन कड्या होत्या. रात्री तीनही लावायचे, मग परत उठून बघायचे. आणि घरातला सगळा पैसा, म्हणजे जमीन संपादनाचे आलेले आणि मुलीच्या लग्नाचे, पेणच्या एका सहकारी बँकेत, कारण घरात ठेवणं धोक्याचं. 2010 साली ती बँक बसली. एकही कडी मोडली नाही, कुत्रं भुंकलं नाही. काकी पासबुक अजून देव्हाऱ्यात ठेवतात. लक्ष्मी म्हणून की पुरावा म्हणून, मी विचारलेलं नाही.

आता तीच गोष्ट प्लॉटची. अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली, आणि प्रत्येक टपरीवर एक एजंट बसला. एनए प्लॉट, गेट, कुंपण, सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, सगळं रंगीत कागदावर. सातबारावर मात्र अकरा वारस, त्यातल्या चौघांना विक्रीचा पत्ता नाही. गेटवरचा रक्षक आत येणारा चोर अडवील. पण ज्यानं ते गेट विकलं त्याला कोण अडवणार? भाच्याला मी सांगणार आहे की आधी भाड्यानं राहा. दोन पावसाळे काढ, उधाणाच्या भरतीला बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला तर खारं पाणी कुठवर येतं बघ, मग बोल. अंबा नदी वरून दिसते शांत. 1989 च्या जुलैत हिनंच जांभूळपाडा धुऊन नेलं.

शांत या शब्दावर माझा भरवसा कमीच आहे. “शांत वस्ती आहे” असं एजंट म्हणतो तेव्हा मला शेखाडी आठवते. आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनकडं. 1993 च्या सुरुवातीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरवायला कटवाल्यांना किनारा हवा होता तो शांतच. त्याआधी दिघीला हत्यारं उतरली, तेव्हा वाटेत पोलिसांनी गाड्या अडवल्याही होत्या. पैसे घेऊन सोडल्या. हे कोर्टात शाबीत झालं. तेव्हा निवांत किनारा, तुरळक वस्ती, रात्री कुणी बाहेर नाही, ही जाहिरात नेमकी कुणासाठी असते ते आपलं आपण समजावं.

उलट काकी. पहाटे चारची गाडी धरायला कोण गेलं, कुणाच्या दारात अनोळखी चपला आहेत, कुणाचा बंब आज पेटला नाही, हे सगळं त्यांना ठाऊक. गेल्या वर्षी आमची ही न्हाणीत घसरून पडली आणि मी पेणला गेलेलो. मोटारीचा आवाज नेहमीच्या वेळेला आला नाही म्हणून काकी कुंपण वाकवून आत आल्या. 112 ला फोन लावला असता तर गाडी आली असती, नाही असं नाही. पण फोन लावणार कोण? ती न्हाणीत, मोबाइल माजघरात.

हे मी सांगत होतो तेवढ्यात काकींची सून पाण्याची कळशी घेऊन मागून गेली. जाता जाता म्हणाली, “गुरुजी, तिला हेपन सांगा, की त्याच डोल्यांना गाऊन किती आखूड तेपन दिसतो.” आणि गेली.

काकींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मला मात्र त्या पोरीचं म्हणणं खोडता आलं नाही. मी म्हातारा पुरुष, माझ्यावर कुणी डोळा ठेवला तर मला सोबत वाटते. तिला तीच नजर दिवसभर पदराला धरून हिंडवते. स्टेशनातून रात्री नऊला एकटी येताना तिला ओट्यावर बसलेली माणसं हवी असतात, आणि ओट्यावरून जाताना ती नको असतात. भाच्याच्या बायकोनं रविवारी दुपारी जेवायला येऊन गाव बघू नये. कामाच्या दिवशी रात्रीच्या मेमूनं यावं, एकटीनं चालत घरापर्यंत जावं, दिवे कुठं लागतात कुठं नाही ते मोजावं. आणि पोलीस पाटलाच्या घरी चहा प्यावा. 1967 च्या कायद्यापासून गावात कुणाचं काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हेच त्याचं काम. तो खरं सांगेलच असं नाही, पण काय सांगायचं टाळतो ते कळतं.

“तर सांगू काय?” काकींनी सूप बाजूला ठेवलं. “जिताड्याचं सांगू का नको?”

“सांगा की. चोर सापडला नाही हेही सांगा.”

काकींनी एकदा मागे वळून घराकडं पाहिलं. मग कुंपणाला अगदी खेटून, शेराचा चीक पदराला लागेल इतक्या जवळ, म्हणाल्या, “गुरुजी, त्या शिमग्याला जावई आल्ते.”

“बरं?”

“तल्यान आमचा अर्धा वाटा. दीर देत नवते. पोरगा आनि जावई रातचे गेले.” थोडं थांबून, “तुमच्याकडंपन वाटी दिल्ती ना?”

दिली होती. चिंचेचा कोळ, लसणीची फोडणी, वर जाड तुकडा. मी बोटं चाटली होती. आणि त्याच संध्याकाळी समितीच्या वतीनं अर्ज लिहिला होता, “भट्टीवरील संशयित इसमांची चौकशी व्हावी”. अक्षर माझंच. हात धुऊनही बोटांना वास होता, हे आत्ता आठवलं.

“ती पोरं ओट्यावर बसली होती, काकी.”

“बसली व्हती खरी.” त्यांनी सुपातला एक खडा उचलून दूर फेकला. “ती भट्टी पन आता बंद झाली.”

मग मोबाइल तोंडाशी धरला, बटण दाबलं, आवाजात गूळ घातला. “बाय, ये गो तू इकरं. कायेक काल्जी करू नको. आपल्या गावान चोऱ्या नाय व्हत.”