चार टॅग, चाळीस एडिटर

लिनक्सवाल्याला डिस्ट्रो विचारावा, पगार विचारावा, हवं तर वयही विचारावं. एचटीएमएल कशात लिहितोस, हे मात्र विचारू नये. संध्याकाळ जाते.

भांडण जुनं आहे. १९७६ साली बर्कलीत बिल जॉय व्हीआय हा एडिटर लिहीत होते आणि त्याच साली एमआयटीत ईमॅक्स आकार घेत होता. एचटीएमएल त्यानंतर चौदा वर्षांनी आलं. म्हणजे गट आधी पडले, विषय मागाहून मिळाला.

आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या कमिटीला हे ओळखीचं वाटावं.

आणि विषय तरी केवढा? एचटीएमएल म्हणजे साधा मजकूर. चार टॅग लिहायचे, फाइलला डॉट एचटीएमएल नाव द्यायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं. उबुंटूवर नॅनो आयताच असतो, पान त्यातही होतं. पण नॅनो वापरला तर मिरवायचं काय?

मिरवायला त्याच व्हीआयचा वारस व्हिम आहे. शिरणं सोपं, बाहेर पडण्याच्या बाबतीत सगळेच अभिमन्यू. बाहेर कसं पडायचं, हे स्टॅक ओव्हरफ्लोवर कुणीतरी २०१२ साली विचारलं. २०१७ पर्यंत दहा लाखांवर लोक तो प्रश्न बघून गेले होते.

या मंडळींना वैतागलेला नवखा म्हणतो, मला कोडच नको. टाइप करीन, पान आपोआप होऊ दे.

मागणी गैर नाही. टिम बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर एडिटरही होता. पुढे नेटस्केपने कंपोझर दिला, त्याचा मोझिला कंपोझर झाला, त्यातून लिन्स्पायर कंपनीच्या पैशावर एनव्ह्यू निघाला. २००५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि गाडी तिथेच थांबली. मग स्पेलिंगात 'के' लावून नवा कॉम्पोझर, मग ब्लूग्रिफन. दर पिढीत वारस नवा, दुखणं जुनंच. एक-दोन माणसं राबणार, पैसा आटणार, आवृत्ती अडकणार.

आणि 'दिसेल तेच मिळेल' हे आश्वासन? एक शब्द ठळक करा, दोनदा एंटर मारा, मग सोर्स उघडा. फॉन्ट टॅगच्या पोटात स्पॅन, स्पॅनच्या पोटात रिकामा स्पॅन, शेपटीला एनबीएसपींची माळ. दिसली एक ओळ, मिळालं पाऊण पान.

अमायाचं ऐका. हा एडिटर खुद्द डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे तेव्हा एचटीएमएलचे नियम ठरवणाऱ्यांचा. १९९६ ला सुरू, २०१२ ला शेवटची आवृत्ती. नियम करणाऱ्यांनाच नियमात चालणारं दुकान टिकवता आलं नाही, तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?

कंपन्यांकडे, असं काहींनी ठरवलं. ॲडोबीने ब्रॅकेट्स दिला, २०२१ मध्ये हात काढून घेतला. गिटहबने ॲटम दिला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲटमला निरोप मिळाला. कारण काय असावं? मायक्रोसॉफ्टच्या घरात व्हीएस कोड आधीच होता.

आता गंमत बघा. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. आज त्याच लिनक्सवर, मुक्त सॉफ्टवेअरचे स्टिकर चिकटवलेल्या लॅपटॉपवर, हौसेने काय बसवतात? व्हीएस कोड.

'अहो, तो ओपन सोर्स आहे!' आहे ना. सोर्स एमआयटी परवान्याचा. तुम्ही डाउनलोड करता ती तयार फाइल मात्र मायक्रोसॉफ्टच्या परवान्याची, आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवणं त्यात मुळातच चालू. ते नको असेल तर त्याच सोर्सपासून बनवलेला व्हीएसकोडियम आहे. त्याला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेन्शनच्या बाजारात मज्जाव.

दार उघडंच, गेटवर वॉचमन.

निवडीसाठी लोक तक्ते करतात. रंगसंगती किती, प्लगइन किती, डार्क मोड आहे का. मराठी पान करणाऱ्याचा निकष त्यात कुठे वाचलात? टर्मिनलमधल्या एडिटरात 'लक्ष्मी' टाइप करून बघा. बऱ्याचदा जोडाक्षर फुटतं, कर्सर एका अक्षरावर उभा राहतो आणि खोडतो भलतंच. डार्क मोडमध्ये फुटकी लक्ष्मी अधिक उठून दिसते, एवढाच काय तो फायदा.

दुसरी परीक्षा याहून सोपी. नवी एचटीएमएल फाइल उघडल्यावर वर यूटीएफ-८ ची मेटा ओळ एडिटर स्वतः टाकतो का? टाकत नसेल तर तुम्ही टाका. ती राहिली की ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी टोपी घातलेले रोमन किडे वळवळण्याची शक्यता. मग तुम्ही फॉन्टला शिव्या देत बसणार. बिचाऱ्या फॉन्टचा काय दोष?

तर निकाल. केडीई वापरत असाल तर केट. जुनं, हलकं मशीन असेल तर जीनी, २००५ पासून गुमान काम करतोय. टॅगांची बटणं हवी असतील तर ब्लूफिश. तिन्ही खरोखर मुक्त, तिन्ही डेस्कटॉपच्या खिडकीत चालतात, त्यामुळे लक्ष्मी सहसा शाबूत राहते. यातलं कुणी उद्या बंद पडलं तरी तुमची फाइल साध्या मजकुराचीच आहे, दुसऱ्यात उघडेल. व्हिम येत असेल तर व्हिम वापरा, फक्त आम्हाला सांगू नका.

पान तयार झालं की पत्ता जरूर कळवा. कशात केलंत, ते राहू द्या.